कमिटीत न बसलेलं बिल शेवटी रस्त्यावर बसतं

अधिवेशन सुरू झालं की आमच्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एकच धडाका असतो, अमुक बिल पास, ऐतिहासिक निर्णय, कुणी पेढे वाटतंय, कुणी काळे झेंडे लावतंय, आणि बिलात नेमकं काय लिहिलंय ते दोन्हीकडच्यांपैकी कुणी वाचलेलं नसतं. लोकांना नावं ठेवण्यात तरी काय अर्थ, ज्यांनी सभागृहात हात वर केले त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी वाचलेलं नसावं अशी मला दाट शंका आहे. माझं म्हणणं असं की बिल पास होतं तो दिवस कायद्याच्या आयुष्यात फार मोठा नसतोच. त्याआधी ते कमिटीत, म्हणजे बिल तपासणाऱ्या खासदार-आमदारांच्या छोट्या समितीत, किती दिवस राहिलं, तिथं कुणाला बोलावलं, कुठली कलमं बदलली, यावर पुढं तो कायदा चालतो नाहीतर फसतो. आणि नेमका हाच टप्पा गेल्या दहा-बारा वर्षांत आपण उडवायला लागलोय. प्रत्येक बिल कमिटीकडे गेलंच पाहिजे, ते सरकारच्या मर्जीवर नको, आणि कमिटीनं दिल्ली-मुंबईच्या बाहेर पडून आमच्यासारख्या भागात बसलं पाहिजे, या दोन गोष्टींसाठी हा सगळा लेखनप्रपंच.

आता बिलाचा प्रवास थोडक्यात सांगतो, ज्यांना माहितीये त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. खात्यात मसुदा होतो, कॅबिनेट मंजूर करतं, मंत्री सभागृहात बिल मांडतात, हे झालं पहिलं वाचन, यात चर्चा जवळपास नसतेच. दुसऱ्या वाचनात आधी बिलाच्या हेतूवर चर्चा, मग वाटलं तर कमिटीकडे, मग एकेक कलम घेऊन दुरुस्त्या आणि मतदान. तिसरं वाचन म्हणजे शेवटचं हो की नाही. हेच सगळं दुसऱ्या सभागृहात पुन्हा. दोन्ही सभागृहांचं जमलंच नाही तर संयुक्त बैठक, ती आजवर फक्त तीन बिलांसाठी लागली, १९६१ ला हुंडाबंदीसाठी, १९७८ ला बँक सेवा आयोग रद्द करायला आणि २००२ ला ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्यासाठी. मनी बिल, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं बिल, असेल तर राज्यसभेच्या हातात १४ दिवस, त्यापुढं काही नाही. मग राष्ट्रपतींची सही. राष्ट्रपती बिल एकदा परत पाठवू शकतात, कलामसाहेबांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं बिल परत पाठवलं होतं, पण संसदेनं तेच पुन्हा पास करून पाठवलं की सही करावीच लागते आणि त्यांनी केली.

सही झाली म्हणजे कायदा लागू झाला असंही नाही बरं का. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई राष्ट्रपती असताना शिक्षण हक्काच्या बिलावर ऑगस्ट २००९ मध्ये त्यांची सही झाली, कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. दिल्लीच्या भाड्याचा १९९५ चा कायदा तर सही होऊन कधी लागूच झाला नाही, व्यापाऱ्यांनी एवढा गोंधळ घातला की सरकारनं लागू करायची तारीखच काढली नाही. कामगारांच्या तीन संहिता २०२० ला पास झाल्या आणि लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्यामुळे पास झालं म्हणून फटाके फोडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता मुद्द्यावर येतो. सभागृहातल्या मतदानाचा निकाल बिल मांडायच्या आधीच लागलेला असतो. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली, दहावं परिशिष्ट, त्यात पक्षाच्या व्हीपविरुद्ध, म्हणजे असं मत द्या या आदेशाविरुद्ध, मत दिलं तर खासदारकी-आमदारकी जाते. कायदा आला होता आयाराम-गयाराम थांबवायला, ते किती थांबले ते महाराष्ट्राला सांगायची गरज नाही, पण साध्या बिलावर स्वतःचं डोकं चालवून मत द्यायची सोय मात्र त्यानं पक्की बंद केली. समजा रावेरच्या किंवा नंदुरबारच्या खासदाराला मनातून वाटलं की हे कलम आपल्या शेतकऱ्याच्या मुळावर येणारंय, तरी बटन पक्षाचंच दाबावं लागतं. अशा वेळी सभागृहात चार तास चर्चा होणं म्हणजे साखरपुडा उरकून मग मुलगी बघायला जाण्यासारखं.

कमिटीत असं नसतं. १९९३ पासून संसदेत खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत, आज २४ आहेत, एकेकीत ३१ जण, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. तिथं व्हीप लागत नाही. कॅमेराही नसतो, त्यामुळे आवाज चढवून काही मिळत नाही, आणि गंमत म्हणजे तिथं विरोधी पक्षाचा माणूस आणि सत्ताधारी माणूस एकाच अधिकाऱ्याला मिळून कोंडीत पकडतात, असं आत बसलेलेच सांगतात. अधिकाऱ्याला सांगावं लागतं की हा आकडा कुठून आला, हे कलम का घातलं. बाहेरच्या माणसाला, शेतकऱ्याला, युनियनवाल्याला, वकिलाला लेखी म्हणणं देता येतं, समोर बोलावलंही जातं. बिल सभागृहात आल्यावर सामान्य माणसाला आत शिरायला असलेला हा एकच दरवाजा आहे, बाकी सगळीकडे आपण गॅलरीत.

याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण वनहक्काचं, म्हणजे जंगलातली जमीन कसणाऱ्यांना तिचा हक्क देणाऱ्या कायद्याचं. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, इकडे चोपडा, यावल, रावेरचा सातपुड्याचा पट्टा, इथं ज्याच्या-त्याच्या तोंडी दावा, पट्टा, सातबारा हे शब्द असतात, पण तो कायदा मूळ बिलात कसा होता हे फार कमी जणांना माहितीये. १३ डिसेंबर २००५ ला ते लोकसभेत मांडलं गेलं. मूळ बिलात अट अशी की २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून जमीन कसत असलेल्यालाच हक्क. म्हणजे बिल आणतानाच पंचवीस वर्षांचा काळ अलगद कापून टाकला होता, १९८१ ला ज्यानं जमीन कसायला घेतली तो आणि त्याची पोरं कायमची अतिक्रमणदार. जमिनीची मर्यादा अडीच हेक्टर. आणि हक्क फक्त अनुसूचित जमातींना, जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणारे बाकीचे लोक बिलात नव्हतेच.

बिल गेलं संयुक्त संसदीय समितीकडे, अध्यक्ष किशोरचंद्र देव. समितीनं आदिवासी संघटनांचं ऐकलं, वन्यजीववाल्यांचंही ऐकलं, मे २००६ मध्ये अहवाल दिला. शेवटी जो कायदा झाला त्यात तारीख झाली १३ डिसेंबर २००५, म्हणजे बिल मांडलं तोच दिवस. मर्यादा चार हेक्टर. इतर पारंपरिक वननिवासीही आत आले, त्यांना तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची अट घालून. डिसेंबर २००६ मध्ये दोन्ही सभागृहांत पास, २९ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही. कमिटीत बसूनसुद्धा एक वर्षात काम झालं! आज सातपुड्यात ज्या कुटुंबाच्या हातात पट्टा आहे आणि जे १९८० नंतर कसायला लागलं, त्याचा पट्टा सभागृहातल्या भाषणांनी दिलेला नाही, तो त्या कमिटीच्या खोलीत मिळालेला आहे.

पुढं त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले आणि नियमांत एक ओळ अशी की कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणंही पुरावा म्हणून चालेल. ज्या पाड्यावर कागद नावाची वस्तूच उशिरा पोचली तिथं या ओळीची किंमत काय असेल बघा. नियम ही गोष्ट तर आपल्याकडे कुणी हिशेबातच धरत नाही. कायदा म्हणतो सरकार विहित करील तसं, आणि ते विहित करणं खात्यात बसून होतं, नियम सभागृहापुढं ३० दिवस ठेवायचे असतात, ठेवलेले असतात, वाचत कोण नाही. दावे वर्षानुवर्षं पडून राहतात, फेटाळले जातात, लोकांना त्यासाठी मोर्चे काढावे लागतात हे खरंच आहे, ते काही कमिटीनं सुटलेलं नाही. पण १९८० ची अट तशीच राहिली असती तर दावा करायलाच जागा नव्हती.

आता दुसरं टोक. शेतीचे तीन कायदे. ५ जून २०२० ला अध्यादेश, सप्टेंबरमध्ये बिलं, राज्यसभेत २० सप्टेंबरला दोन बिलं आवाजी मतदानानं पास, प्रवर समितीकडे, म्हणजे त्या बिलापुरत्या नेमलेल्या समितीकडे, पाठवा अशी मागणी होती ती फेटाळली. मी त्या कायद्यांचा सरसकट विरोधक नाही, हे आधीच सांगतो म्हणजे कमेंट करणाऱ्यांचे कष्ट वाचतील. बाजार समितीचा अनुभव ज्यानं घेतलाय, त्याला बाहेर विकायची मुभा मिळाली तर त्यात वाईट काय, शेतकरी संघटनेवाले तर हेच चाळीस वर्षं मागत आलेत, आणि महाराष्ट्रानं २०१६ मध्येच फळं-भाजीपाला समितीच्या बंधनातून मोकळा केलेला होता. पण कलमं बघा. बाजाराच्या बाहेर शेतमाल घ्यायला व्यापाऱ्याकडे काय हवं, तर पॅन कार्ड. आता हे कलम रावेर-यावलच्या केळीवाल्यासमोर ठेवलं असतं तर तो काय म्हणाला असता? आमच्याकडे केळी बांधावरून जाते, भाव बऱ्हाणपूरकडे बघून ठरतो, गाडी भरून गेली की पैशासाठी फोन सुरू होतात आणि परप्रांतातला व्यापारी पैसे बुडवून गायब झाला ही बातमी दर एक-दोन वर्षांनी असतेच. तीन दिवसांत पैसे द्यावेत असं कायद्यात होतं, छानच, पण नाही दिले तर? तर प्रांताकडे जायचं, सिव्हिल कोर्टाचा रस्ता बंद. प्रांत ऑफिसला ज्यानं कधी तारखा मारल्यात तो माणूस हे ऐकून नुसता हसला असता. व्यापाऱ्याकडून अनामत घ्या, नोंदणी ठेवा, कोर्टाचा दरवाजा उघडा ठेवा, एवढ्या तीन दुरुस्त्या कुठल्याही कमिटीत दोन महिन्यांत सुचल्या असत्या आणि कदाचित ते कायदे आजही जिवंत असते.

झालं काय, तर दिल्लीच्या सीमेवर वर्षभर आंदोलन, १२ जानेवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाची स्थगिती, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी चर्चेविना रद्द. आणताना घाई आणि काढतानाही घाई. कमिटीनं वेळ जातो असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, वनहक्काला वर्ष लागलं आणि तो कायदा उभा आहे, इकडे चार महिन्यांत उरकलं आणि दीड वर्षाच्या आत गाशा गुंडाळला, मग वेळ नेमका कुणी वाचवला?

कमिटीकडे गेलं की सगळं ठीक होतं असा माझा दावा नाही, आणि त्याचं उदाहरण आपण सगळ्यांनी पेट्रोल पंपाच्या लाइनीत उभं राहून बघितलंय. भारतीय न्याय संहिता ऑगस्ट २०२३ मध्ये मांडली, गृह खात्याच्या स्थायी समितीकडे गेली, परत आली, डिसेंबरमध्ये नव्यानं मांडून पास झाली, तेव्हा विरोधी पक्षाचे १४६ खासदार निलंबित होते. त्यात कलम १०६ चं दुसरं पोटकलम, अपघात करून न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. ऑगस्टपासून हे कागदावर होतं, पण ट्रक ड्रायव्हरपर्यंत पोचलं कायदा झाल्यावर, मोबाईलवरच्या व्हिडिओतून. १ जानेवारी २०२४ ला टँकर थांबले, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून गाड्या निघेनात, आणि धुळ्यापासून जळगावपर्यंत पंपांवर बाटल्या-कॅन घेऊन रांगा. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या गृहसचिवांनी वाहतूकवाल्यांना सांगितलं की तुमच्याशी बोलल्याशिवाय हे लागू करणार नाही. १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली, ते पोटकलम वगळून. संसदेनं पास केलेलं, राष्ट्रपतींनी सही केलेलं, आणि तरी बाजूला ठेवलेलं.

ड्रायव्हरचं म्हणणं काही अवघड नव्हतं हो, थांबलो तर जमाव मारतो, म्हणून पळतो. यावर चर्चा होऊ शकते, मारलेल्या माणसाच्या घरच्यांचीही बाजू आहे आणि ती मोठी आहे, रस्त्यावर तडफडत पडलेल्याला सोडून जाणाऱ्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण ही चर्चा धुळ्याजवळच्या एखाद्या ढाब्यावर बसून ऑक्टोबरमध्ये करता आली असती, तिथं मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे हायवे एकमेकांना भेटतात, देशभरचा ड्रायव्हर सापडतो. म्हणून म्हणतो, कमिटी नुसती असून भागत नाही, ती कुठं बसते आणि कुणाला बोलावते ते बघायला लागतं. समित्यांना दौरे करायचा अधिकार आहे, दौरे होतातही, पण ते मोठ्या शहरांत आणि अधिकाऱ्यांबरोबर.

आकडे बघितले तर चित्र अजून वाईट. पंधराव्या लोकसभेत, म्हणजे २००९ ते २०१४, ७१ टक्के बिलं कमिटीकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत, २०१९ ते २०२४, फक्त १६ टक्के. आता लगेच कुणी म्हणेल की हा एका पक्षावर रोख आहे. नाही. त्याच पंधराव्या लोकसभेत १८ फेब्रुवारी २०१४ ला तेलंगणाचं बिल पास करताना टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बंद पडलं होतं, तेव्हा सरकार कुणाचं होतं सगळ्यांना आठवतंय. ज्याच्याकडे बहुमत त्याला कमिटी नकोशी वाटते, हा सत्तेचा स्वभाव आहे, म्हणूनच ते सत्तेच्या मर्जीवर ठेवायचं नसतं. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये दुसरं वाचन झालं की सभागृहानं वेगळं काही ठरवलं नाही तर बिल आपोआप कमिटीत जातं. केरळच्या विधानसभेतही विषय समित्या आहेत, तिथं बिल जातं. म्हणजे परदेशाकडे बघायचीही गरज नाही.

राज्यात बोलायचं तर महाराष्ट्रात संयुक्त समिती हा अपवादच. नागपूरचं हिवाळी अधिवेशन आठवडा-दीड आठवड्याचं, त्यात मोर्चे, लक्षवेधी, पुरवणी मागण्या, आणि शेवटच्या दोन दिवसांत बिलांची रांग. विधान परिषद बिल अडवू शकत नाही, फार तर मिळून चारेक महिने लांबवू शकते, संयुक्त बैठकीची सोय राज्यात नाही. अशात जनसुरक्षा विधेयक, कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं, संयुक्त समितीकडे गेलं हे चांगलंच झालं, बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या, त्यातून तीन बदल झाले, तपास अधिकाऱ्याचा दर्जा वाढवून डीवायएसपी केला गेला वगैरे, आणि जुलै २०२५ मध्ये ते पास झालं. बारा हजारांत तीन बदल, हे फार थोडं झालं असं माझं मत आहे आणि कायदा मला आजही जास्त मोकळा हात देणारा वाटतो. पण ते मूळ रूपात २०२४ मध्येच पास झालं असतं तर तेवढेही बदल झाले नसते, आणि कुणी काय हरकत घेतली याची कुठं नोंदही राहिली नसती.

बोगस बियाण्याचं घ्या. खान्देशात जून उजाडला की कापसाच्या पाकिटांचा बाजार काय असतो ते वेगळं सांगायला नको. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात राज्यानं बोगस बियाणं, खतं, औषधं यांच्यासाठी पाच बिलं आणली, ४० ते ४४ नंबरची. कृषी केंद्रवाल्यांनी नोव्हेंबरमध्ये तीन दिवस दुकानं बंद ठेवली. त्यांचं म्हणणं, पाकीट कंपनी सील करून देते, आम्ही फोडून बघत नाही, मग झोपडपट्टीदादांसाठी केलेल्या एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यात आम्हाला का बसवता? शेतकऱ्याचं म्हणणं, उगवलं नाही तर माझा हंगाम गेला, मी कंपनीला कुठं शोधू, मला दुकानदारच दिसतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि अशीच बिलं संयुक्त समितीत जायला हवीत, ती गेलीही. फक्त समोरासमोर बसवायचं तर या दोघांना अमळनेरच्या किंवा शिरपूरच्या मार्केट यार्डात बसवा ना, विधानभवनात कशाला.

केंद्रानं २०१४ मध्ये ठरवलंय की बिलाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढं ठेवायचा. धोरण आहे, सक्ती नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा काढला, १९६६ च्या कायद्याच्या जागी येणारा, सूचना ११ डिसेंबरपर्यंत. त्या दिवसांत आमचा माणूस कापूस वेचायला मजूर शोधत असतो. तो कशाला मंत्रालयाची वेबसाइट उघडून कलमवार हरकत लिहील? आणि नाही लिहिली की फायलीवर शेरा, शेतकऱ्यांकडून फारशा हरकती नाहीत. मग कायदा आला की आपल्या भाषेत म्हणायचं, आते काय करशी भो, कायदा व्हई गया.

खान्देशातून चार खासदार जातात आणि वीस आमदार. मंत्री नसलेला खासदार बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या स्थायी समितीवर असतोच, आपला कुठल्या समितीवर आहे, तिथं किती बैठकांना हजर होता, हे त्याला मेळाव्यात विचारायला काही हरकत नाही, गटारीचं आणि समाजमंदिराचं विचारतोच ना आपण. आणि शेती, बियाणं, पीकविमा, वनजमीन यातलं कुठलंही बिल येणार अशी कुणकुण लागली की दोन गोष्टी लेखी मागायच्या, ते समितीकडे पाठवा आणि समितीची एक बैठक जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला लावा. हे बिल मांडायच्या आधी करायचं. मांडल्यावर वेळच उरत नाही, सतराव्या लोकसभेत निम्म्याहून जास्त बिलं मांडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पास झालेली आहेत.